देव मानत नाही. मग लग्नाचं, मयताचं काय?

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जवळपास तसंच.)

 

मागे एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. तो म्हणाला, "ताई, मी देव मानत नाही. पण घरी दीड दिवसाचा गणपती असतो. आरतीला मी उभा राहतो, टाळ्या वाजवतो आणि मोदक तर सगळ्यांत जास्त मीच हाणतो. मग मी ढोंगी आहे का?"

छोटं उत्तर आहे, नाही. मोठं उत्तर म्हणजे आजचा एपिसोड.

एक आधीच सांगते. देव आहे की नाही, हा वाद आज घालायचा नाही. तो हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोन वाजता सगळ्यांचा घालून झालेला असतो. ज्यांचं उत्तर "आहे" असं आहे, त्यांनीही ऐका, कारण तुमच्या घरात किंवा टीममध्ये माझ्यासारखं कुणीतरी असणारच. आजचा प्रश्न पुढचा आहे. समजा, तुमचं ठरलंय की नाही मानत. आता आजूबाजूला सगळे मानणारे असताना रोजचं जगायचं कसं? लग्न कसं करायचं? घरात कुणी गेलं तर काय करायचं?

आधी शब्द

"नास्तिक" हा शब्द आपण देव न मानणारा या अर्थाने वापरतो. जुन्या भारतीय दर्शनांत मात्र त्याचा मुख्य अर्थ होता वेदांचं प्रामाण्य न मानणारा. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारं मूळचं सांख्य दर्शनसुद्धा आस्तिकांत बसतं आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिकांत. म्हणजे कुणी नास्तिक म्हटलं तर लगेच खचून जायचं कारण नाही, कंपनी चांगली आहे.

"धर्मनिरपेक्ष" हे शासनाचं वर्णन आहे. शासनाने कुठल्याही धर्माची बाजू घ्यायची नाही. आणि "मानवतावादी" किंवा मराठीतला माझा आवडता शब्द "विवेकवादी" म्हणजे चांगलं-वाईट ठरवताना माणसाचं सुख-दुःख आणि पुरावा बघणारा. देव मानत नाही, एवढं म्हणून विवेकवादी होता येत नाही. देव न मानणारा माणूसही बायकोला मारू शकतो, हुंडा घेऊ शकतो. न मानणं ही रिकामी जागा झाली. तिथे काय भरलं, ते महत्त्वाचं.

राज्यघटनेत हा शब्द थेट आहे. कलम ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हेही एक. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं. उद्देशिकेत "धर्मनिरपेक्ष" शब्द आला तोही त्याच दुरुस्तीने. आणि कलम २५ धर्मस्वातंत्र्याचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याची सुरुवात सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याने होते. मानण्याचं स्वातंत्र्य म्हणजे न मानण्याचंही. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. "माझा कुठलाही धर्म नाही" असं सांगायचा नागरिकाला हक्क आहे आणि शासन त्याला फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही.

धर्म म्हणजे डिफॉल्ट सेटिंग

मग अडतं कुठे? माझ्या भाषेत सांगते. आपल्या समाजात धर्म ही डिफॉल्ट सेटिंग आहे. तुम्ही काहीच निवडलं नाही तर ती आपोआप लागू होते.

गंमत म्हणजे कायद्यातसुद्धा. हिंदू विवाह कायदा, १९५५ कुणाला लागू होतो हे वाचा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना. आणि पुढे म्हटलंय, जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही अशा इतरांनाही. कोड लिहिणाऱ्यांना कळेल, हा सरळ शेवटचा "एल्स" आहे. तुम्ही हिंदू घरात जन्मून कितीही नास्तिक झालात तरी कायद्याच्या दृष्टीने त्याच डब्यात राहता.

२०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले लोक होते सुमारे २८ लाख ६७ हजार, लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. ते सगळे नास्तिक असतील असं नाही आणि सगळे नास्तिक त्यांत असतील असंही नाही. आपल्यातले कितीतरी जण दारात गणनेवाले आले तेव्हा क्लासला गेले असतील आणि आईने काय सांगायचं ते सांगितलं असेल.

एक सावधगिरीची सूचना. उत्साहाच्या भरात दाखल्यावरचा धर्म बदलायला धावू नका. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार धर्माला जोडलेला आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध. "धर्म नाही" लिहिल्यावर हक्काच्या सवलतीत अडचण येऊ शकते. आधी वकिलाला विचारा. तत्त्वापायी शिष्यवृत्ती घालवणं यात काही शौर्य नाही.

एकच प्रश्न: प्रसंग कुणाचा?

घरात, ऑफिसात, सोसायटीत काही निघालं की मी स्वतःला एक प्रश्न विचारते. हा प्रसंग कुणाचा आहे? उत्तरं तीन. दुसऱ्याचा, माझा, किंवा कुणाचंतरी नुकसान होतंय असा. तिन्ही ठिकाणी वागायची रीत वेगळी.

प्रसंग दुसऱ्याचा असेल तर

ऑफिसात खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा होते. सर्व्हरच्या खोलीला झेंडूचं तोरण लागतं. मी जाते, तोरण बांधायला मदत करते, पेढा खाते. कुंकवाचं बोट माझ्या लॅपटॉपला लागलं म्हणून बिल्ड फेल होत नाही आणि पासही होत नाही. शेजारच्या काकूंचा सत्यनारायण असेल तर खुर्च्या आणून देते, शिरा दोनदा घेते. पोथीतल्या साधुवाण्याच्या नावेवर तिथे चर्चा काढत नाही. काकूंनी मला पूजेला बोलावलंय, परिसंवादाला नाही.

मात्र खोटं बोलायचं नाही. कुणी सरळ विचारलं, "तू मानतेस का गं?" तर सरळ सांगायचं, "नाही काकू, पण तुमच्याकडे यायला आवडतं." एवढ्यावर बहुतेक ठिकाणी विषय संपतो. आणि यजमान म्हणून पूजेला बसायची पाळी आली तर "मला नका बसवू, बाकीचं काम द्या" म्हणायचं. काम करणाऱ्या माणसावर कुणी फार वेळ रागवत नाही.

गोपाळ गणेश आगरकरांचं नाव शाळेत ऐकलंय सगळ्यांनी. बुद्धीला पटेल तेच बोलणारा माणूस. १८८८ मध्ये "सुधारक" काढला. पुण्यात विरोधकांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली होती. घरात त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र श्रद्धाळू, आणि आगरकरांनी आपली मतं त्यांच्यावर लादली नाहीत. मला हे त्यांच्या अग्रलेखांइतकंच मोठं वाटतं. बाहेरच्या जगाशी भांडणं एक वेळ सोपं असतं, स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याशेजारी शांतपणे चहा पिणं अवघड.

तर, व्हॉइस नोटवाल्या भावा, गणपती तुझ्या घरच्यांचा आहे. तू त्यांच्या आनंदात उभा राहतोस. टाळ्या वाजव. फक्त मोदक वळायला पण बस, नुसता खाऊ नकोस. आणि विसर्जनाच्या वेळी काही करायचं असेल तर त्याचाही रस्ता आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मूर्ती नदीत सोडण्याऐवजी दान करा, निर्माल्य वेगळं द्या, अशी मोहीम वर्षानुवर्षं चालवली. भाविकांच्या हातून मूर्ती नमस्कार करून घ्यायची, वाद न घालता. नदी वाचली, भावना पण राहिली.

प्रसंग माझा असेल तर: लग्न

इथे मात्र आपण ठरवायचं. आणि लवकर ठरवायचं.

नोंदणी पद्धतीच्या लग्नाबद्दल एक गोंधळ सगळ्यांचा असतो. धार्मिक विधीने लग्न लावून मग महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन सर्टिफिकेट घेणं, ही झाली लग्नाची नोंद. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर केलेलं लग्न वेगळं. तिथे तो अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर जे होतं तेच लग्न. धर्म कुठलाही असो किंवा नसो.

प्रक्रिया अशी. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. नोटीस द्यायची, ती कार्यालयात ३० दिवस लावली जाते. कायद्यातला आक्षेप आला नाही तर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते उरकायचं, नाहीतर परत नवी नोटीस. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांना हीच जाहीर नोटीस जाचक ठरते, हे मान्य करायला हवं.

इतिहासही बघण्यासारखा आहे. १८७२ च्या जुन्या कायद्याने असं लग्न करायचं तर दोघांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन वगैरे कुणीच नाही. म्हणजे लग्न पाहिजे तर आधी धर्म नाकारा. १९५४ च्या कायद्याने ती अट काढली. आणि त्याही आधी, महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, आणि पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. मंगलाष्टकं त्यांनी स्वतः लिहिली, त्यांत वधू-वरांची एकमेकांना वचनं. फुले नास्तिक नव्हते, ते निर्मिक मानायचे. पण मध्यस्थ नको, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. सत्यशोधक पद्धतीची लग्नं आजही महाराष्ट्रात लागतात.

माझं लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर झालं. आईने दोन महिने नीट बोलणं टाकलं होतं. मला वाटत होतं तिला मंत्र पाहिजेत, सप्तपदी पाहिजे. एका रात्री ती म्हणाली, "अगं, पण मग लोक येणार कधी? आणि जेवणार काय?" तिची खरी काळजी ही होती की तिच्या बहिणी, गावाकडचे लोक, शेजारणी यांना यायला काही निमित्तच उरणार नाही. मग आम्ही सकाळी सही केली आणि संध्याकाळी हॉल घेतला. दोन्हीकडच्या चार-चार माणसांनी आमच्याबद्दल बोलायचं ठरलं. माझी आत्या आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलली आणि थांबेचना. मग पंगत. आईने औक्षण करू का विचारलं, मी म्हटलं कर. दिव्याने ओवाळणारी माझी आई होती, त्यात मला नाकारण्यासारखं काही दिसलं नाही.

यातून मला कळलेली मुख्य गोष्ट ही. विधी वगळले तर चालतं, पण विधींच्या निमित्ताने माणसं जमतात. ती जमवायची दुसरी सोय केली नाही तर तुमचं लग्न सरकारी काम होऊन बसतं.

प्रसंग माझा असेल तर: मयत

आता अवघड भाग. लग्नाची तारीख आपण काढतो. मरणाची कुणी काढत नाही. त्या दिवशी घरात कुणाला विचार करायची ताकद नसते, म्हणून डिफॉल्ट सेटिंग लागू होते. कुणीतरी काका फोन करतात, गुरुजी येतात, सगळं आपोआप पुढे सरकतं. त्या वेळी उभं राहून "हे नको" म्हणणारा माणूस क्रूर दिसतो, आणि कधीकधी असतोही.

माझे आजोबा गेले तेव्हा सगळे विधी झाले. तो प्रसंग आजीचा होता, तिचा विश्वास होता. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. तासभर सगळे उन्हात बसलेले. मग एकेकजण बोलायला लागला. आजोबांचं काय राहिलं असेल? कुणी म्हणालं विहिरीचं काम, कुणी म्हणालं धाकट्याचं लग्न. त्या तासाभरात मला आजोबांबद्दल जेवढं कळलं, तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. तेरा दिवस आजीला कुणी एकटं सोडलं नाही. शेजारून जेवण यायचं. हे सगळं माणसांनी केलं. आपण विधी नाकारणार असू, तर ते तेरा दिवस आपल्याला स्वतः उभे करावे लागतील. स्मृतिसभा ठेवा. जेवणाचे डबे कोण आणणार त्याची यादी करा. रक्षा नदीत न सोडता शेतात खड्ड्यात टाकून त्यावर झाड लावणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत, तसं करा. पण घर रिकामं ठेवू नका.

आणि स्वतःचं काय? आगरकरांबद्दल असं सांगितलं जातं की आजारी असताना त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, कुणावर भार नको म्हणून. ते १८९५ मध्ये गेले, वयाची चाळिशीसुद्धा झाली नव्हती. मुस्लिम समाजातल्या सुधारणेसाठी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले. कुठलाही धार्मिक विधी न करता दहन करा, ही इच्छा त्यांनी आधीच स्पष्ट करून ठेवली होती, आणि तसंच झालं. महात्मा फुले २८ नोव्हेंबर १८९० ला गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांसोबत लाखो लोकांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत श्राद्ध, पिंडदान करणार नाही अशीही एक आहे. धर्म त्यांनी घेतला, बौद्ध धम्म. पण पिढ्यान्‌पिढ्यांची डिफॉल्ट सेटिंग एका दिवसात विचारपूर्वक बदलता येते, हे त्या दिवसाने दाखवलं.

देहदानाचं थोडं व्यवहाराचं सांगते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो. जवळच्या नातेवाइकांच्या सह्या मागतात. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. तुम्ही गेल्यावर फोन घरच्यांनीच करायचा असतो. ते नाही म्हणाले तर फॉर्म कपाटातच राहतो. अपघात होऊन शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह स्वीकारत नाहीत, म्हणून दुसरा पर्यायही सांगून ठेवा. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं आणि ते केल्यावरही देहदान करता येतं.

मी फॉर्म भरलाय. नवऱ्याने सही केली, भावाने केली. आईने विचारलं, "मग आम्हाला तोंड बघायला मिळेल ना?" मी म्हटलं, हो, देह नेण्याआधी काही तास घरी ठेवता येतो. ती म्हणाली, "माझ्यासमोर असलं बोलू नकोस," आणि कणीक मळायला लागली. तिने अजून सही केलेली नाही. मी घाई करत नाही. पण विषय निघालाय, आणि तिला माझी इच्छा माहीत आहे. माझ्यासाठी ते कागदापेक्षा जास्त आहे.

कुणाचं नुकसान होत असेल तर

तिसऱ्या प्रकारात गप्प बसायचं नाही, प्रसंग कुणाचाही असो. हळदीकुंकवाला विधवा बाईला वगळणं, पाळीत मुलीला बाजूला बसवणं, आजारी माणसाला दवाखान्याऐवजी बाबाकडे नेणं. इथे "त्यांची श्रद्धा" म्हणून मान वळवली तर आपण विवेकवादी कसले?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद. थोड्याच दिवसांत राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव करणारे लोक देव मानणारेच असणार. विधवेचं दुःख कळायला नास्तिक असावं लागत नाही.

जादूटोणाविरोधी कायदाही समजून घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा आला. तो श्रद्धेवर घाला घालतो असा प्रचार झाला. प्रत्यक्षात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी, भजन, कीर्तन यांना त्याने हातही लावलेला नाही. नरबळी, भूत उतरवायला मारहाण, करणीच्या नावाखाली छळ, चमत्काराच्या नावाने फसवणूक, हे गुन्हे आहेत.

किंमत सगळ्यांना सारखी नाही

मी हे शहरात, स्वतःच्या पगारावर जगून बोलतेय. ज्याचं शिक्षण घरच्यांच्या पैशावर आहे, जी मुलगी गावात राहते, ज्याच्यावर जातपंचायत दबाव आणू शकते, त्यांना एवढ्याशा गोष्टीची किंमत फार मोठी पडू शकते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा तुमच्यासोबत जेवायला बसत नाही. त्यामुळे तुम्ही सध्या गप्प असाल तर तुम्ही भित्रे नाही. आधी पायावर उभे राहा, दोन-चार समविचारी माणसं शोधा, मग बोला.

या आठवड्यात एकच करा. घरातल्या एका माणसाला, ज्याच्यापाशी मन मोकळं करता येतं त्याला, सांगा की माझ्या लग्नात काय असावं किंवा मी गेल्यावर काय व्हावं. आणि त्यांना काय हवं, तेही विचारा. त्यांना हवे असलेले विधी तुम्हाला पटत नसले, तरी त्यांच्या वेळी ते मनापासून करायची तयारी ठेवा. त्यांचा प्रसंग त्यांचा आहे.

बोलणं झालं की मला व्हॉइस नोट पाठवा. भांडण झालं तरी पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!